जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलीची बॅग: सुरुवात पहिल्या रात्रीपासून

सांगलीच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीत मॅग्डेबुर्गला एम.एस्सी. करायला निघाली आहे. मुक्काम विद्यार्थी वसतिगृहात. तिकिटावर २३-२३ किलोंच्या दोन बॅगा आणि हातातली ८ किलोंची. मावशीने कुकर सांगितलाय, आत्याने दोन वर्षांचा मसाला, आणि ज्यांचा मुलगा कॅनडात आहे त्या शेजारच्या काकांनी लोकरीचे चार स्वेटर आणि बर्फातले बूट. सगळे मिळून सत्तर किलोंच्या वर गेले. ठेवायचे काय आणि काढायचे काय?

ताई, मी २०१० साली याच गावात शिकायला आले. शिक्षण संपले, नोकरी लागली, पण दर मार्च आणि सप्टेंबरात नव्या मुलामुलींना स्टेशनवरून आणायचे, खोलीची किल्ली मिळवून द्यायची, नगरपालिकेत नोंदणीला सोबत जायचे, हे काम काही सुटले नाही. तुम्ही लोक बॅगा भरता तेव्हा मी तिथे नसते, पण उघडतात तेव्हा असते. दोन वर्षांनी खोली रिकामी करतानाही असते. त्या वेळी कपाटाच्या तळातून काय जसेच्या तसे बाहेर निघते ते मला पाठ आहे: काकांनी सांगितले असले बूट, जाळी धरलेली चार किलो भाजणी, पाण्याचा फिल्टर (नळाचे पाणी सरळ पितात इथे) आणि डझनभर कोऱ्या वह्या.

तेव्हा आधी एक गोष्ट मनाशी ठरवा. बॅग दोन वर्षांची भरायची नाही, पहिल्या पंधरा दिवसांची भरायची. मॅग्डेबुर्ग दोन लाखांहून जास्त वस्तीचे शहर आहे, तिथल्या लोकांनाही थंडी वाजते आणि भूक लागते, दुकाने आहेत. पंधरा दिवसांपलीकडचे फक्त तेच न्यायचे जे इथे मिळतच नाही किंवा मिळते पण खिसा कापून मिळते. अशा गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्या पुढे सांगते.

आता ओझ्याचे बोलू. मुंबईच्या विमानतळावर बॅगा तुम्ही ढकलाल, बाबा ढकलतील, मामा हजर असेलच. फ्रँकफर्टला उतरल्यावर ती एकटी आहे. तिथून रेल्वे, वाटेत निदान एकदा गाडी बदलायची, बदलायला बऱ्याचदा आठ-दहा मिनिटे आणि दुसरा प्लॅटफॉर्म. हमाल हा प्रकार इथे नाही. लिफ्ट असते, पण मी आले तेव्हा नेमकी बंद होती. दोन बॅगा, पाठीवर लॅपटॉप, हातात आईने शेवटच्या क्षणी दिलेली कापडी पिशवी. एक बॅग वर नेऊन ठेवली, दुसरीसाठी खाली पळाले, तोवर गाडी गेली. पुढची गाडी दोन तासांनी. त्या दोन तासांत मी बाकावर बसून आईचे मेतकूट कोरडेच खाल्ले आणि रडले. बॅगेत त्या दिवशी ४६ किलो पूर्ण होते, एक ग्रॅम वाया घालवला नव्हता आम्ही!

म्हणून तिकिटावर ४६ किलो आहेत म्हणजे ४६ भरायचेच असे नाही. एक मोठी बॅग २१ किलोंपर्यंत, दुसरी मध्यम, १५-१६ किलोंची. चाके चांगली हवीत, बॅग कितीही स्वस्तात मिळत असो. लटकवायचा छोटा वजनकाटा तीन-चारशे रुपयांत येतो, तो घ्या, बाथरूममधल्या काट्यावर विसंबू नका. ऐपत असेल तर गाडीत जागेचे आरक्षण करा आणि बदलायला निदान तासभर मिळेल अशी गाडी निवडा.

आता पहिली रात्र. वसतिगृहाची खोली म्हणजे पलंग, गादी, टेबल, खुर्ची, कपाट. संपले. चादर नाही, उशी नाही, पांघरूण नाही, स्वयंपाकघरात भांडे नाही. आपल्याकडे हॉस्टेल म्हटले की निदान कोणीतरी रूममेट असते, इथे बहुतेक एकेकाची खोली. आणि रविवारी दुकाने बंद. सगळी. स्टेशनवरची एखाददुसरी सोडली तर किराणासुद्धा मिळत नाही. त्यात ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. २०२६ मध्ये तो शनिवारी आलाय, म्हणजे शनिवार-रविवार लागोपाठ बंद. शुक्रवारी रात्री पोहोचलेल्या मुलाला सोमवार सकाळपर्यंत साधी उशी विकत मिळणार नाही. शक्य असेल तर तिला सोमवार ते बुधवारात पोहोचेल असे तिकीट काढा. ही सूचना बॅगेतल्या दहा किलोंच्या तोडीची आहे.

तर मध्यम बॅगेत सगळ्यात वर पहिल्या रात्रीचे सामान: एक सिंगल चादर (गादी साधारण ९० बाय २००ची असते, आपली चालते), एक पातळ गोधडी किंवा सोलापुरी चादर, टॉवेल, अंगावर बदलायचे कपडे, स्लिपर, साबणाची वडी, एक स्टीलची ताटली-वाटी-चमचा आणि खायला काहीतरी. आमच्या घरची गोधडी आईच्या जुन्या साड्यांची होती, वजनाला दीड किलोसुद्धा नाही, अजून वापरते. जाड रजई मात्र नको, ती अर्धी बॅग खाते आणि इथे वीस-पंचवीस युरोंत मिळते. उशीचे अभ्रेही नकोत. इथली उशी ८० बाय ८० सेंटीमीटरची, चौकोनी, आपल्या अभ्र्यात ती शिरत नाही. एक प्लास्टिकचा मग मात्र आठवणीने द्या. संडासात जेट नसतो, आणि हे मुली लाजून कोणाला विचारत नाहीत.

कागदपत्रे. यात मी अजिबात तडजोड करत नाही: सगळी मूळ कागदपत्रे हातातल्या बॅगेत, आणि ती बॅग पाठीवरून उतरवायची नाही. माझ्यानंतरच्या तुकडीतल्या एका मुलाने पदवीची प्रमाणपत्रे 'चुरगळू नयेत' म्हणून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या थरात ठेवली. बॅग नऊ दिवसांनी आली. तोवर विद्यापीठातली प्रत्यक्ष नोंदणी अडकली, नोंदणी नाही म्हणून विद्यार्थी ओळखपत्र नाही, ते नाही म्हणून प्रवासाचा पास नाही, रोज तिकीट काढत फिरला बिचारा.

फाइलमध्ये काय हवे: पासपोर्ट आणि व्हिसा, प्रवेशपत्र, एपीएसचे प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचे तपासून देणाऱ्या जर्मन केंद्राचे), दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि पदवीचे प्रमाणपत्र मुळातले, भाषेच्या परीक्षेचा निकाल, बंद खात्याचे पत्र, आरोग्य विम्याचे पत्र, खोलीचा करार. बंद खाते म्हणजे ते ब्लॉक्ड अकाउंट, ज्यात तुम्ही वर्षाचे पैसे आधीच भरलेत. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा महिना ९९२ युरोंप्रमाणे ११,९०४ युरो आहे. याशिवाय घरमालकाने किंवा वसतिगृहाने भरून द्यायचा एक छापील अर्ज असतो, 'ही व्यक्ती माझ्याकडे राहायला आली' असे सांगणारा. तो तिथे गेल्यावर मिळतो, पण करारासोबत आधीच ईमेलने मागून ठेवता येतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्या अर्जाशिवाय नोंदणी होत नाही. सगळ्या कागदांचे स्कॅन तिच्या फोनमध्ये, तिच्या ईमेलमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये, तिन्हीकडे ठेवा. फोटो चार पुरे. २०२५ च्या मे महिन्यापासून रहिवासी परवान्यासाठी डिजिटल फोटो लागतो, तो तिथेच काढतात. मी पूर्वी सगळ्यांना चोवीस फोटो आणायला सांगायचे, आता नाही.

पैशांबद्दल पालकांचा एक गैरसमज असतो की खात्यात अकरा हजार युरो पडलेत म्हणजे पहिल्या दिवसापासून सोय झाली. तसे नाही. ते पैसे दरमहा सुटतात, आणि सुटायला तिचे जर्मनीतले चालू खाते उघडलेले असावे लागते. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. त्याच काळात खोलीची अनामत, पहिले भाडे, गादीपासून बादलीपर्यंत खरेदी. म्हणून एका फॉरेक्स कार्डावर निदान हजार-दीड हजार युरो आणि हातात तीन-चारशे युरो रोख द्या, तेही पाच, दहा, वीसच्या नोटांत. जर्मन माणसाचे रोकडीवर अजून प्रेम आहे, कोपऱ्यावरचा बेकरीवाला कार्ड घेईलच असे नाही आणि शंभराची नोट पाहून तो जे तोंड करतो ते पाहण्यासारखे असते. एखादे एक युरोचे नाणे पर्समध्ये असू द्या. सुपरमार्केटची ढकलगाडी नाणे घातल्याशिवाय साखळीतून सुटत नाही. आपल्या बाजूने परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात, पण विद्यार्थ्याने तेवढी रोकड बाळगूच नये.

पैशांच्याच ओघात: तिचे भारतातले सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावर येतो. निघण्याआधी परदेशात मेसेज येतील अशी रोमिंगची सोय चालू करून घ्या आणि कमीत कमी रिचार्ज सुरू ठेवा. दर सत्रात कोणीतरी एक जण ओटीपीसाठी घरी फोन लावून बसलेला असतो.

कपड्यांकडे येऊ. काकांचा मुलगा कॅनडात आहे, तिथली थंडी निराळी. मॅग्डेबुर्गला ऑक्टोबरात साधारण दहा-बारा अंश असते, जानेवारीत शून्याच्या आसपास. बर्फ पडतो, पण आठवडेच्या आठवडे गुडघाभर साठत नाही. खरा त्रास वाऱ्याचा आणि ओल्याचा, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो त्याचा. त्याला स्वेटर उपयोगी नाही. दुसरे म्हणजे खोलीत, वर्गात, ट्राममध्ये सगळीकडे गरम केलेले असते. जाड लोकरी स्वेटर घालून वर्गात बसले की दहा मिनिटांत घाम फुटतो. म्हणून एकावर एक पातळ थर: थर्मलचे दोन-तीन जोड, पूर्ण बाह्यांचे सुती टी-शर्ट, एक फ्लीसचे जॅकेट, वरून वारा-पाऊस अडवणारे एक. हे शेवटचे अंगावर घालून विमानात बसायचे, बॅगेत नाही. हिवाळ्याचा खरा कोट इथे घ्यायचा. डेकॅथलॉन आहे, सी अँड ए आहे, आणि वापरलेल्या चांगल्या वस्तूंची दुकाने प्रत्येक शहरात आहेत. पंधरा-वीस युरोंत असा कोट मिळतो की पुण्यात पाच हजारांत मिळणार नाही. बूटही इथेच. अपवाद एकच: तिचे पाऊल फार लहान असेल तर बायकांच्या ३६ नंबरच्या खालचे बूट इथे शोधावे लागतात, मग तिकडूनच चांगले चालायचे बूट घालून येऊ दे.

आतले कपडे मात्र भरपूर द्या, पंधरा दिवस पुरतील इतके. सुती, मापाचे, सवयीचे. वसतिगृहात कपडे धुवायचे मशीन सामाईक असते, प्रत्येक खेपेला पैसे पडतात, त्यामुळे मुले दहा-बारा दिवसांनी एकदाच धुतात. खरे सांगते, बॅगेतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आणि सर्वांत उपयोगी. एक साडी, तयार ब्लाउज आणि परकर. एकच. दिवाळी येते, मोठ्या शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम असतात, आणि जर्मन मैत्रिणींना साडी नेसवून पाहायची हौस असते. जीन्स दोन पुरे, त्या वजनाला जड आणि वाळायला चिवट.

आता ज्यासाठी हा सगळा प्रश्न विचारला गेला तिकडे वळते, म्हणजे खाणे.

काय नेता येत नाही ते आधी, कारण इथेच आयांचे मन मोडते. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाने दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे नाहीत, बर्फी नाही, खवा नाही, पनीर नाही, आणि हो, साजूक तूपही नाही. 'थोडेसेच आहे', 'घरचे आहे' हे कस्टमच्या माणसाला सांगून उपयोग नसतो, त्याच्या दृष्टीने घरचे तर आणखी वाईट. ताजी फळे, भाज्या, पाने यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबे, आंबे बाद. त्यातून पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन. आता गंमत बघा, नारळाला युरोपची हरकत नाही, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर काढून घेतात. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडते. तेव्हा खोबरे न्यायचे तर मसाल्यात किंवा चटणीत कुटलेलेच. दुबईत किंवा अबुधाबीत थांबून बॅग ताब्यात घेणार असाल तर खसखसही नको, तिथे ती बेकायदा आहे.

तुपाचे वाईट वाटून घेऊ नका. इथे कुठल्याही किराणा दुकानात 'बुटरश्माल्झ' नावाचा डबा मिळतो, ते कढवलेले लोणीच, म्हणजे तूप. मला त्याला वास कमी वाटतो, म्हणून मी विरजण लावून काढलेले लोणी आणते आणि घरी कढवते. त्या लोण्याच्या वेष्टनावर 'झाउअरराम' असे लिहिलेले असते, तिला एवढा एक शब्द पाठ करून द्या. आणि 'क्वार्क' म्हणून दह्यासारखे घट्ट काहीतरी मिळते, ते रात्रभर फडक्यात टांगून सकाळी साखर-वेलची घातली की श्रीखंड. माझ्या जर्मन सासूबाई आता पाडव्याला स्वतः करतात.

मग न्यायचे काय? घरचा कांदा-लसूण मसाला, सांगली-कोल्हापूरकडचा. तो इथे मिळत नाही आणि त्याची जागा दुसरे काही घेत नाही. अर्धा किलो. आत्या दोन वर्षांचा म्हणत असतील तर त्यांना नम्रपणे सांगा की उघडलेला मसाला सहा-आठ महिन्यांत वास सोडतो, पुढचा कोणाबरोबर पाठवता येईल. गोडा मसाला पाव किलो. मेतकूट, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, चांगला हिंग, थोडी आमसुले. थालीपिठाची भाजणी एक किलो, पाच नव्हे. भाकरीशिवाय जिचे पान हलत नाही तिला ज्वारीचे पीठ किलोभर द्या, कारण ते फक्त मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत सापडते. चकली, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा पहिल्या आठवड्यासाठी. लोणचे नेलेच तर पाव किलो, झाकणाला चिकटपट्टी, त्यावर तीन पिशव्या, आणि कपड्यांपासून लांब. माझ्या दोन कुर्त्यांवर अजून २०१० चा कैरीचा डाग आहे. मसाले, तिखट, लोणचे यातले काही हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढतात. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहा. विनानावाची पांढरी पूड कोणत्याच देशाच्या कस्टमला आवडत नाही, मग ती भाजणी का असेना.

तूरडाळ, मूगडाळ, पोहे, साबुदाणा, बासमती, आपल्या पोळ्यांचे आटा पीठ हे सगळे भारतीय किंवा आशियाई दुकानांत मिळते. मसूरडाळ तर साध्या किराण्यातही असते. तुर्की दुकाने शोधून ठेवा, कोथिंबीर, छोले, चांगल्या भाज्या तिथे स्वस्त. जर्मन मैद्याच्या पिशवीवर ४०५ हा आकडा असतो, त्याच्या पोळ्या करायला जाऊ नका, रबर होतो. आणि मऊ भातासाठी एक चोरवाट: 'मिल्खराइस' म्हणून खिरीचा बुटका, गोल तांदूळ स्वस्तात मिळतो. जरा जास्त पाणी घालून शिजवला की आपला मऊ भात. वर मेतकूट आणि तूप. ताप आला की मी अजून तेच खाते.

मावशीचा कुकर. माझे मत: न्या. इथे कुकर मिळतो, पण महाग आणि त्याला शिट्टी नाही, डाळ किती शिजली ते आपल्याला कळतच नाही. मात्र दोन-तीन लिटरचाच, आणि बूड सपाट, इंडक्शनवर चालणारे असे. काही वसतिगृहांत काचेच्या शेगड्या असतात, काहींत इंडक्शन. साधा ॲल्युमिनियमचा कुकर पहिल्या प्रकारावर चालतो, दुसऱ्यावर नाही. एक जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकर रिकामा नेऊ नका, मसाल्याच्या पुड्या त्याच्या पोटात भरा. लाटणे द्या, पोळपाट नको, ओटा धुऊन त्यावरच लाटतात मुली. लोखंडी तवा नको, वजन पाहा त्याचे. मिक्सरही पहिल्या खेपेला नको. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, तो चालेल, पण चार किलो आहेत आणि चटणी तुम्ही देताच आहात.

शेगडीवरून आठवले, आणि हे बॅगेतले नसले तरी तिला सांगाच: प्रत्येक खोलीत धूर ओळखणारा यंत्रडोळा असतो. मिरची-लसणाची फोडणी, दार उघडे, पंखा बंद, आणि इमारतभर भोंगा. आमच्या वसतिगृहात एका मुलाच्या ठेच्यासाठी अग्निशमन दलाची गाडी आली होती. सगळे जण थंडीत खाली उभे, आणि नंतर बिल आले ते वेगळेच. फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार बंद, खिडकी उघडी, धुराडे चालू.

विजेच्या बाबतीत एवढेच की आपल्या मोबाइलची दोन बारीक पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बहुतेक वेळा बसते, तीन पिनांची बसत नाही. एक ॲडॉप्टर आणि आपल्याकडची एक साधी एक्स्टेंशन बोर्ड घेतली की लॅपटॉप-मोबाइलचे काम भागते. त्या बोर्डवर किटली किंवा शेगडी लावायची नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत निघाली तर बॅग बाजूला काढतात. मर्यादा १०० वॅट-तासांची, नेहमीची २०,००० एमएएचची ७४च्या आसपास भरते, म्हणजे चालते.

औषधांकडे नीट लक्ष द्या. इथे साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराण्यात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच, आणि चिठ्ठीशिवाय ५०० मिलिग्रॅमच्या वीसच गोळ्या. अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अशक्य. आणि पहिल्या महिन्यात, नवी हवा, नवे पाणी, प्रत्येक जण एकदा आजारी पडतोच. तापाची, सर्दीची, पोटाची, पित्ताची, पाळीच्या दुखण्याची नेहमीची औषधे मूळ वेष्टनात द्या, स्वतःपुरती, तीन महिन्यांच्या गरजेइतकी आणायला परवानगी असते. नियमित काही चालू असेल, थायरॉइड, दमा, तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हवी, कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव. झोपेची, मानसोपचाराची किंवा कोडीनसारखी औषधे असतील तर निघण्याआधीच वेगळी चौकशी करून कागद घ्या. चष्मा असेल तर आणखी दोन चष्मे करून द्या आणि नंबरची चिठ्ठी. इथे चष्मा महाग आणि सरकारी विमा मोठ्या माणसांच्या चष्म्याला सहसा पैसे देत नाही. आणि दातांच्या डॉक्टरांकडे आत्ताच एक फेरी मारा. दुखरी दाढ घेऊन परदेशी येण्यासारखे दुसरे वाईट सामान नाही. विमा सत्र सुरू झाल्यापासून लागू होतो, ती सप्टेंबरात पोहोचत असेल तर मधल्या दिवसांचा प्रवासविमा काढा.

साबण, शांपू, सॅनिटरी पॅड, टूथपेस्ट पहिल्या आठवड्यापुरतेच. इथल्या 'डीएम' किंवा 'रॉसमान' या दुकानांत ते स्वस्त मिळते. खोबरेल तेलाची बाटली घेऊ द्या, केसांचा प्रश्न निराळा. पुस्तके नकोत, ग्रंथालय उत्तम आहे. छोटा गणपती हवा असेल तर पितळी नको, जड होतो.

दुसऱ्या कोणाचे पार्सल घेऊ नका. 'तिकडे माझा भाचा आहे, एवढी पिशवी पोहोचव' हे प्रत्येक निघणाऱ्याला ऐकावे लागते. आत काय आहे हे कस्टमला तिने सांगायचे आहे, भाच्याने नाही. नाही म्हणायचे काम तुम्ही करा, तिच्यावर टाकू नका.

बॅग तिने स्वतः भरायची, निघायच्या आठ दिवस आधी एकदा पूर्ण भरायची. मग सगळे अंगावर, हातात घेऊन तुमच्या इमारतीचे तीन मजले एका दमात चढायचे, कोणी हात लावायचा नाही. ज्या मजल्यावर ती थांबेल तिथे बॅग उघडा आणि काढायला लागा. बहुतेक वेळा आधी निघतात ते स्वेटर, मग भाजणी.

आणि मुंबईला सोडायला जाताना एक मोठी रिकामी पिशवी तुमच्याकडे असू द्या. काउंटरवर वजन जास्त भरले की दर वेळी तिथे फरशीवर बॅगा उघडून बसलेली कुटुंबे असतात, आणि काढलेले डबे कचरापेटीशेजारी सोडून रडत निघतात. पिशवी असली की ते डबे घरी परत नेता येतात.